उंबरठा न ओलांडणारी कोळीण

वेलिंग्टन शहराच्या कडेला, जिथे घरामागच्या बागा संपून रान सुरू होतं, तिथे एखादा कुजत आलेला ओंडका हळूच उलटवला तर त्याच्या पोटाला एक पांढुरकी, जाडसर नळी चिकटलेली सापडू शकते. बोट लावलं तर जुन्या मलमलीसारखी लागते. एका बाजूला ती फाकत जाऊन मातीवर पसरलेल्या मळकट चादरीत मिसळते. दुसरी बाजू आत, अंधारात वळलेली असते. तिथे, डोक्यावरचं छप्पर अचानक गेल्यामुळे पाय आखडून, एक कोळीण बसलेली असते. अंगाचा पुढचा भाग नारिंगी-तपकिरी, मागचं पोट काळं, पण उन्हात धरलं तर जांभळ्याकडे झुकणारं, आणि पोटाच्या टोकाला शेपटीसारखी मागे आलेली दोन लांब बोटं. पाय सोडून नुसतं अंग मोजलं तर मोठी मादी तीन सेंटिमीटरपर्यंत भरते.

तिचं शास्त्रीय नाव पोरोथेले अँटिपोडियाना. इंग्रजी बोलणारे न्यूझीलंडवासी तिला 'ब्लॅक टनेलवेब' म्हणतात, म्हणजे काळी भुयारी कोळीण. माओरी भाषेत कोळ्यांना मिळून एक सुंदर, जिभेवर घोळवावा असा शब्द आहे: पुंगावेरेवेरे. न्यूझीलंडमध्येच चित्रित झालेल्या एका जगप्रसिद्ध चित्रपटमालिकेत गुहेत राहणारी राक्षसी कोळीण आहे. तिचं रूप ठरवताना दिग्दर्शकाने नमुना म्हणून घेतली ती हीच. त्याला स्वतःला कोळ्यांची भीती वाटते, आणि लहानपणापासून ओळखीची असलेली भीतीच त्याने पडद्यावर आणली. बिचाऱ्या खऱ्या कोळिणीला त्या कीर्तीचा फायदा काहीच झाला नाही, तोटा मात्र झाला असणार.

मराठीत कोळी म्हणजे जाळं टाकून मासे धरणाराही आणि जाळं विणून किडे धरणाराही. पण मासे धरणारा कोळी जाळं घेऊन समुद्रावर जातो. ही कोळीण जाळं दारात अंथरते आणि आत बसून राहते. तिचं शरीर, तिचं जाळं, तिचं लांबलचक आयुष्य, तिचा शत्रू, आणि ती जगात फक्त एकाच देशात का सापडते हा प्रश्न, या सगळ्याचे धागे एकाच सवयीला येऊन मिळतात: ती घर सोडत नाही.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. वर्तमानपत्रांत 'नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं 'नवी जाती'. मराठी विज्ञानलेखनातली जुनी वाटणी अशी: वाघ ही एक जाती, सिंह ही दुसरी जाती, आणि दोघं ज्या गटात बसतात तो पँथेरा हा गट म्हणजे प्रजाती. अशा प्रजाती मिळून कुल होतं, जसं मांजर कुल. शास्त्रीय नावात प्रजाती आधी येते आणि जाती नंतर, शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी येतं तसं. तेव्हा पोरोथेले हे आडनाव आणि अँटिपोडियाना हे नाव. या आडनावाच्या एकूण पाच जाती आहेत. बाकीच्या चार म्हणजे ब्लँडा, मोडेस्टा, मोआना आणि क्वाड्रिगायना. यांतला 'मोआना' हा माओरी शब्द, अर्थ समुद्र. या चौघींना नावं मिळाली ती १९६८ साली, ओटागो संग्रहालयाचे संचालक रे फॉर्स्टर यांच्या हातून. न्यूझीलंडच्या कोळ्यांचा आज जो काही हिशेब आपल्याकडे आहे त्याचा मोठा भाग या एका माणसाने मांडला.

या पाचही जाती फक्त न्यूझीलंडमध्ये आहेत. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे आजच्या वर्गीकरणात पोरोथेलेचं कुलही स्वतंत्र आहे आणि त्या कुलात ही एकच प्रजाती आहे. म्हणजे एक अख्खं घराणं एका देशापुरतं. एखाद्या जातीने एकाच देशात असणं यात फार नवल नाही. न्यूझीलंडमध्ये नोंद झालेल्या कोळ्यांच्या जाती ११०० हून जास्त आहेत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इतर कुठेच मिळत नाहीत. पण वंशवृक्षाची एक पूर्ण फांदीच तिथे अडकून राहावी, हे कोडं थोडं वेगळं आहे. त्याकडे येऊच, पण त्याआधी ही बाई राहते कशी ते पाहू.

कोळ्यांच्या दुनियेत दोन मोठी घराणी आहेत असं ढोबळपणे म्हणता येईल. आपल्या घराच्या कोपऱ्यात दिसणारे, बागेत गोल चक्राचं जाळं विणणारे, भिंतीवर उड्या मारणारे असे बहुतेक सगळे कोळी नव्या घराण्यातले. त्यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे, एकमेकांकडे येणारे. दुसरं घराणं जुन्या वळणाचं, त्याला मायगॅलोमॉर्फ म्हणतात. टॅरंटुला, जमिनीतल्या बिळावर झाकण लावणारे ट्रॅपडोअर कोळी आणि आपली पोरोथेले यातल्या. यांचे विषदंत एकमेकांना समांतर असतात आणि कुदळीसारखे वरून खाली येतात. कुदळ मारायची तर खाली काहीतरी टणक लागतं, नाहीतर घाव बसत नाही. हवेत टांगलेल्या जाळ्यात हे दात फारसे उपयोगाचे नाहीत. जमिनीवर भक्ष्य दाबून धरलं की मात्र ते भुंगेऱ्याच्या कवचातूनही आत जातात.

जुन्या घराण्याची दुसरी खूण श्वासात आहे. पोटाच्या खालच्या बाजूला यांना पुस्तकासारखी फुप्फुसं असतात: पातळ पानांची चवड, पानापानांमधून हवा खेळते आणि पानांच्या आतून रक्त. नव्या घराण्यातल्या बहुतेक कोळ्यांनी यातली एक जोडी टाकून दिली आणि तिच्या जागी बारीक हवेच्या नळ्या आणल्या. जुन्यांकडे अजून दोन्ही जोड्या आहेत. ओल्या पानांची एवढी चवड उघडी ठेवायची म्हणजे अंगातलं पाणी सतत उडून जाणार. कोरड्या वाऱ्यात असा प्राणी लवकर थकतो. ओंडक्याखालची दमट हवा, दगडाखालची गार माती आणि त्यात रेशमाचं अस्तर लावलेलं भुयार ही चैन नाही, गरज आहे.

आणखी एक गंमत इथेच सांगून टाकतो. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी आत मुडपलेले असतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. कारण असं की कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना आत ओढणारे स्नायू आहेत, पण बाहेर ताणणारे नाहीत. पाय लांब करायचा तर तो रक्ताच्या दाबाने फुगवायचा, जेसीबीच्या हातात तेल ढकलतात तसा. प्राण गेला की दाब गेला, उरले ते फक्त ओढणारे स्नायू. रक्तातलं पाणी उडालं तर चालणंसुद्धा जड का होईल, याचा अंदाज यावरून येतो.

आता जाळं. जाळं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते चक्र: मधून निघालेल्या आऱ्या, त्यांवर गोल फिरत गेलेला चिकट धागा. ते एका रात्रीत विणून होतं आणि पुष्कळ कोळी दुसऱ्या रात्री ते खाऊन टाकून नवं विणतात. पोरोथेलेचं जाळं या हिशेबात बसतच नाही. त्यावर डिंक नाही, आऱ्या नाहीत, मोजूनमापून काढलेली भूमिती नाही. पोटाच्या टोकाची जी दोन लांब बोटं आपण पाहिली त्यांतून रेशीम निघतं, आणि कोळीण चालताना ती बोटं डावी-उजवीकडे हलवत राहते, सारवताना हात फिरतो तशी. प्रत्येक फेरीत रेशमाचा एक पातळ पट्टा खाली पडतो. आज एक थर, उद्या एक थर, असं वर्षानुवर्षं. त्यामुळे जुन्या कोळिणीचं भुयार कापडासारखं जाड होतं, आणि दारातली चादर धूळ, पानांचे तुकडे, खाल्लेल्या किड्यांची टरफलं यांनी मळून जाते. नीटनेटकेपणाची आवड असणाऱ्याला हे जाळं अजागळ वाटेल. मला ते गोधडीसारखं वाटतं.

ही चादर भक्ष्य चिकटवून ठेवत नाही. तिचं काम बातमी देण्याचं. कोळिणीला आठ डोळे आहेत, पण ते सगळे डोक्याच्या मध्यावर एका लहानशा उंचवट्यावर दाटीवाटीने बसवलेले, आणि त्यांनी दिसतं जेमतेम. तिचं खरं पाहणं पायांनी होतं. रात्री ती भुयाराच्या तोंडाशी येऊन पुढचे पाय चादरीवर टेकवून बसते. चादरीच्या कडेला एखादा भुंगेरा चढला की त्याच्या प्रत्येक पावलाचा हादरा धाग्यांतून तिच्यापर्यंत पोचतो. पायांवरचे अतिशय नाजूक केस हवेची हालचालसुद्धा टिपतात. चादरीत पाय अडकल्यामुळे किड्याची चाल क्षणभर मंदावते, तेवढा क्षण तिला पुरतो. झडप, वरून खाली दात, आणि उलट पावली आत. सगळी शिकार उंबरठ्यापासून फार तर वीतभर अंतरावर होते.

तिच्या ताटात भुंगेरे भरपूर असतात, शिवाय जमिनीवरून सरपटणारं आणि रांगणारं बहुतेक सगळं. गोगलगायसुद्धा. गोगलगायीची गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिच्यात एक योगायोग दडलेला आहे.

बसून खाणाऱ्याचा खर्च कमी असतो. दिवसचे दिवस काही मिळालं नाही तरी चालतं, कारण धावाधाव नाही. आणि ज्याचा खर्च कमी त्याचं आयुष्य लांब, असा या घराण्याचा एकंदर रिवाज दिसतो. आपल्या घरातले बहुतेक कोळी वर्ष-दोन वर्षांत संपतात. मायगॅलोमॉर्फ माद्या मात्र अनेक वर्षं जगतात. यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूझीलंडचं नाही, शेजारच्या पश्चिम ऑस्ट्रेलियाचं आहे. तिथल्या बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी १९७४ साली ट्रॅपडोअर कोळ्यांच्या बिळांना क्रमांक देऊन त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. त्यातली १६ क्रमांकाची कोळीण २०१६ पर्यंत त्याच बिळात होती. वय ४३ वर्षं. आजवर नोंद झालेली ही सर्वांत वृद्ध कोळीण. एवढ्या वर्षांत तिने पत्ता बदलला नाही. ती म्हातारपणाने गेली असंही नाही. तिच्या बिळाच्या झाकणाला एका परजीवी गांधीलमाशीने भोक पाडलेलं आढळलं.

या माद्यांची एक सवय नव्या घराण्यातल्या बहुतेक कोळ्यांना नाही: वयात आल्यावरही त्या कात टाकत राहतात. कात टाकली की झिजलेले दात नवे मिळतात, तुटका पाय पुन्हा फुटू लागतो. पण याची किंमतही आहे. नराकडून घेऊन साठवलेलं बीज ज्या पिशवीत असतं तिचं अस्तरसुद्धा कातीबरोबर निघून जातं. म्हणजे दर वेळी संसार पहिल्यापासून.

नराचं आयुष्य याच्या अगदी उलट. लहानपणी तोही भुयार करून राहतो, पण शेवटची कात टाकून वयात आला की भुयार सोडतो आणि परत कधी बांधत नाही. उरलेले दिवस चालायचं, मादीचं दार शोधायचं. न्यूझीलंडमधल्या घरांत, मोरीत, गॅरेजमध्ये हा काळा कोळी अवचित दिसतो आणि घरात आरडाओरडा होतो, तेव्हा तो बहुधा वाट चुकलेला नवरदेव असतो. दार सापडलं तरी काम सोपं नाही, कारण आत बसलेलीला हादरा म्हणजे जेवण. म्हणून तो चादरीवर पाय ठेवताच आपल्या खास तालात हादरे देतो: मी भुंगेरा नाही, मी पाहुणा आहे. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन आणि सायमन पोलार्ड यांनी १९९० साली याच जातीच्या या बोलण्याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. निरोप पटला तर ठीक. तरीही जवळ गेल्यावर तो पुढच्या पायांनी तिला उचलून धरतो. त्याच्या पुढच्या पायांचा एक पेरा जाड असतो आणि त्यावर काट्यांचा झुबका असतो, तो इथे कामाला येतो. प्रेमातही अंतर राखून.

घर न सोडणारीला शत्रू घरी येऊन गाठतो. न्यूझीलंडच्या रानात एक काळीभोर शिकारी गांधीलमाशी आहे, प्रायोक्नेमिस मोनॅकस. ती कोळ्यांच्या शिकारीतच मुरलेली आणि काळी भुयारी कोळीण हे तिचं आवडतं सावज. ती जमिनीवर भरभर चालत, मिशा आपटत भुयार शोधते, थेट आत शिरते आणि डंख मारते. कोळीण मरत नाही, लुळी पडते. मग माशी तिला ओढत आपल्या बिळात नेते, तिच्या अंगावर एक अंडं घालते आणि बीळ बुजवते. अंड्यातून निघालेली अळी ताजं अन्न खात मोठी होते. आपल्याकडे कुंभारीण माशी चौकटीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधून त्यात लहान कोळी कोंबते, तो प्रकार अनेकांनी पाहिला असेल. चाल तीच, फक्त इथलं सावज माशीहून अंगाने दांडगं असतं. एरवी शिकार करायला उत्तम असलेलं ते एकच दार अशा वेळी नडतं.

आता त्या कोड्याकडे. ही प्रजाती एकाच देशात का?

कोळी लांब पसरतात ते बहुधा उडून. पंख नाहीत, पण बारीक पिल्लं उंच गवतावर चढतात, वाऱ्यावर रेशमाचा धागा सोडतात आणि त्या धाग्याला धरून तरंगत जातात. भर समुद्रात जहाजांवर असे कोळी उतरल्याच्या नोंदी आहेत. ज्या घराण्यांना ही विद्या येते ती बेटाबेटांवर पोचलेली दिसतात. मायगॅलोमॉर्फ पिल्लांपैकी फार थोड्यांना ती येते. बाकीची आईच्या भुयारात काही काळ राहतात आणि मग चालत निघून जवळच कुठेतरी आपलं इवलं भुयार करतात. अशा प्राण्याला मधली नदीसुद्धा फार रुंद असते. त्यामुळे या घराण्यात 'फक्त याच डोंगरावर', 'फक्त याच बेटावर' अशा जाती सगळीकडे आढळतात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातून वर्णन झालेला एक ट्रॅपडोअर कोळी आहे, त्याचं नावच इडिऑप्स बॉम्बेएन्सिस. त्याला हे नाव मिळालं २००५ साली, म्हणजे दोन कोटी माणसांच्या शेजारी राहूनही तो तोवर कुणाच्या हिशेबात नव्हता.

न्यूझीलंडचं वेगळेपण असं की ते बेट मुळात बेट म्हणून समुद्रातून वर आलेलं नाही. ते एका बुडालेल्या खंडाचं डोकं आहे. झीलँडिया असं त्या खंडाचं नाव; क्षेत्रफळ सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातला ९४ टक्के भाग पाण्याखाली. पूर्वी तो ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाला जोडून, गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होता. साधारण ८ कोटी वर्षांपूर्वी तो सुटून निघाला. भारतही त्याच गोंडवनाचा तुकडा, आणि त्याच सुमाराच्या थोडं आधी तो मादागास्करपासून सुटला. तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण अजून ओतला जायचा होता. तो लाव्हा आला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. जमीन सरकली आणि तिच्यावर जे होतं ते तिच्याबरोबर गेलं. सस्तन प्राण्यांची गर्दी न्यूझीलंडमध्ये झालीच नाही; वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणीच नाहीत. ओंडक्याखालची दुनिया मोठे किडे, गोगलगायी आणि कोळी यांच्याकडे राहिली.

तर, 'होडी सुटली तेव्हा पोरोथेलेची पणजी होडीत बसलेली होती' ही गोष्ट सांगायला सोपी आहे आणि ऐकायला गोड. पण तिच्यात दोन काटे आहेत. एक म्हणजे साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी झीलँडियाचा फार मोठा भाग समुद्राखाली गेला होता. किती जमीन वर उरली यावर भूशास्त्रज्ञांचं अजून जोरात भांडण चालू आहे. दुसरा काटा मला जास्त आवडतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाजवळ कांगारू बेट आहे, तिथे मॉग्रिजिया नावाच्या प्रजातीचा एक ट्रॅपडोअर कोळी राहतो. त्याचे सगळे सख्खे आफ्रिकेत. गोंडवन फुटल्यामुळेच ही ताटातूट झाली, असं सहज वाटेल. २०१७ साली त्यांच्या डीएनएतले फरक मोजून नातं कधी तुटलं याचा हिशेब केला गेला, आणि उत्तर आलं २० लाख ते १.६ कोटी वर्षांच्या दरम्यान. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका तर त्याच्या कितीतरी आधी वेगळे झाले होते. म्हणजे कधीही दार न सोडणारा एक कोळी, बहुधा उन्मळून वाहत निघालेल्या झाडामातीच्या तराफ्यावर, आपल्या बिळासकट हिंदी महासागर ओलांडून गेला. घर सोडलं नाही, घरच वाहून गेलं! लाखो वर्षांत एकदा घडलं तरी पुरतं.

म्हणून 'पोरोथेले न्यूझीलंडची का' याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. ती तिथे कशी पोचली हे वेगळं, आणि तिथून बाहेर का पडली नाही हे वेगळं. दुसऱ्याचं उत्तर तिच्या दारात बसलेलं आहे.

पहिल्याचं उत्तर शोधायचं तर तिचे नातलग कोण हे कळायला हवं, आणि इथे शास्त्रज्ञांची बरीच वर्षं फसगत झाली. पोरोथेले, ऑस्ट्रेलियातला कुप्रसिद्ध सिडनी फनेलवेब, न्यूझीलंडचीच पट्टेरी हेक्साथेले आणि इतर काही या सगळ्यांना हेक्साथेलिडे नावाच्या एकाच कुलात बसवलं होतं. कारण साधं: सगळ्यांची ठेवण सारखी, लांब बोटं मागे, दारात चादर. पण जाळ्याचा आकार म्हणजे नातं नव्हे. पावसाळा संपताना महाराष्ट्रातल्या गवताळ मैदानावर पहाटे दवाने चमकणाऱ्या चादरी दिसतात, मधे एक नरसाळ्यासारखं भोक. ते काम हिपासा नावाच्या कोळ्याचं, आणि हिपासा हा नव्या घराण्यातला, लांडगा-कोळ्यांच्या कुलातला. पोरोथेलेशी त्याचं नातं माणसाचं कांगारूशी असावं तितकं दूरचं. बसून शिकार करायची आहे, जमिनीवर करायची आहे, तर चादर आणि नरसाळं हे उत्तर वेगवेगळ्यांना वेगवेगळ्या वेळी सुचणारच.

२०१८ साली मार्शल हेडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूप बाजूला ठेवून डीएनए वाचला. युक्ती अशी की डीएनएत काही तुकडे असे असतात जे कोट्यवधी वर्षांत जवळपास बदलत नाहीत. त्यांच्यामुळे वेगवेगळ्या कोळ्यांत नेमकी तीच जागा सापडते. आणि त्या तुकड्यांच्या दोन्ही बाजूंचा मजकूर हळूहळू बदलत जातो. त्या बदलांवरून कोण कुणाच्या किती जवळ ते कळतं. शेकडो अशा जागा तपासल्यावर जुनं कुल एकसंध नसल्याचं उघड झालं. एकाच वाड्यात राहणारे सगळे एकाच घरचे असं समजावं आणि दप्तर काढल्यावर चार वेगळी बिऱ्हाडं निघावीत, तसं. कुलाची फोड झाली आणि पोरोथेलेला तिचं स्वतःचं कुल मिळालं: पोरोथेलिडे.

हे नुसतं कागदोपत्री नव्हतं. सिडनी फनेलवेबच्या विषाने उपचार नव्हता त्या काळात १३ माणसं दगावल्याची नोंद आहे. १९८१ मध्ये प्रतिविष आलं. त्या विषातला एक घटक मज्जातंतूंचं 'बंद' होणारं बटण बंदच होऊ देत नाही, आणि गंमत म्हणजे माणूस-माकडांना तो जितका बाधतो तितका कुत्र्या-मांजरांना बाधत नाही. पोरोथेले त्याच कुलात धरली जायची तोवर तिच्याकडेही संशयाने पाहिलं जाणं साहजिक होतं. नव्या वंशवृक्षात मात्र फनेलवेबचे सर्वांत जवळचे नातलग निघाले 'माउस स्पायडर' नावाचे कोळी, ज्यांना कुणी त्यांच्या शेजारी बसवत नव्हतं. आणि डॉक्टरांना एक गोष्ट आधीच माहीत होती: माउस स्पायडर चावल्यावरही फनेलवेबचंच प्रतिविष लागू पडतं. वंशवृक्षाने दवाखान्यातल्या अनुभवाला कारण दिलं.

पोरोथेले चावली तर दुखतं, कारण दात मोठे आहेत. त्यापलीकडे माणसाला तिच्यापासून धोका नाही. न्यूझीलंडमध्ये खरी सावधगिरी बाळगायची ती समुद्रकाठच्या वाळूतल्या कातिपोपासून आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या रेडबॅकपासून. दोघीही आकाराने हिच्याहून पुष्कळ लहान आणि दिसायला जास्त नाजूक.

राहिली गोगलगाय. १८३७ साली शार्ल वाल्केनेर या फ्रेंच अभ्यासकाने या कोळिणीचं पहिलं वर्णन छापलं आणि तिला 'अँटिपोडियाना' म्हटलं. युरोपच्या पायाखाली जमीन आरपार खणत गेलं तर पलीकडे जो प्रदेश लागेल तो अँटिपोड. 'पृथ्वीच्या उलट्या टोकाची' असा त्या नावाचा अर्थ. पोरोथेले ही प्रजाती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९२ मध्ये यूजीन सिमाँने केली, पण मूळ नाव तसंच राहिलं. पॅरिसच्या मानाने ते थोडं सैल आहे. न्यूझीलंडच्या अगदी नेमक्या उलट बाजूला येतो तो स्पेन.

ओंडक्याखालच्या भुयाराजवळ कधी कधी रिकामे तपकिरी शंख पडलेले असतात. ते देशी गोगलगायींचे असायलाच हवेत असं नाही. बागांचा फडशा पाडणारी साधी बागेतली गोगलगाय भूमध्य समुद्राच्या आसपासची, पश्चिम युरोपातली. वसाहतवाल्यांच्या सामानाबरोबर ती न्यूझीलंडला पोचली. शंखात अंग ओढून घेणं हा तिचा बचाव, आणि पक्ष्यांपुढे तो बऱ्यापैकी चालतो. पण कुदळीसारखे दात एकदा मऊ अंगात रुतले की ती आत जाते तशी कोळीणही तोंड खुपसून मागोमाग जाते. उलट्या टोकाची कोळीण स्पेनला कधी गेली नाही. स्पेनकडची गोगलगायच अर्धी पृथ्वी ओलांडून, रांगत, तिच्या चादरीवर आली.